डावीकडची जागा

फोटोग्राफरने आम्हाला उंचीप्रमाणे उभं केलं, एवढंच काय ते झालं. त्यात कुणाचा अपमान नव्हता, कुणाचं काही गेलं नव्हतं; तो बिचारा आपलं काम करत होता. ‘उंच मंडळी मध्ये, बाकीचे दोन्ही बाजूंना उतरत या,’ म्हणत त्याने एकेकाला दंडाला धरून इकडचं तिकडे केलं. पालिकेच्या सभागृहातल्या मंचावर, दिव्यांच्या झगझगाटात डोळे किलकिले करून उभा राहिलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझ्या डावीकडे दातांचा डॉक्टर आहे. दातांचा डॉक्टर सज्जन माणूस. माझी एक दाढ त्याने काढली आहे आणि दुसरी वाचवली आहे. पण तो माझ्या डावीकडचा नव्हे. माझ्या डावीकडे खिडकीबाई असतात. त्या बुटक्या, म्हणून त्यांची रवानगी पार टोकाला झाली होती, आणि मधल्या माणसांच्या खांद्यांमधून मला त्यांच्या करड्या स्वेटरची फक्त बाही दिसत होती. ‘अहो साहेब, हात खाली घ्या,’ फोटोग्राफर मला म्हणाला. मी पाहिलं तर माझा डावा हात कोपरात वाकून पुढे आला होता, तळवा वर करून. सगळे हसले, मीही हसलो, आणि फोटो निघाला.

उंचीप्रमाणे उभं राहणं आम्हाला ठाऊकच नाही. आम्ही पाण्याच्या खोलीप्रमाणे उभे राहतो. आमच्या वस्तीमागे एक तळं आहे, आणि कित्येक वर्षं त्याच्यावर जलपर्णी अशी माजली होती की पाणी म्हणून काही दिसायचंच नाही. फिरायला आलेल्या एका गृहस्थांचा कुत्रा हिरवळ समजून त्यात धावत गेला होता आणि त्याला काढायला गेलेले गृहस्थही गळ्यापर्यंत हिरवे होऊन बाहेर आले होते. लोक नाक दाबून काठाकाठाने जायचे, पालिकेच्या नावाने बोटं मोडायचे आणि घरी जाऊन चहा प्यायचे. मी त्यांतलाच एक. मग एका रविवारी सकाळी मोठ्या बाई, म्हणजे इथल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, विळा घेऊन एकट्याच पाण्यात उतरल्या. लोकांनी काठावर उभं राहून त्यांना यथेच्छ सल्ले दिले. बाईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मग वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, ‘तोंडं दिसली. आता हात बघू.’ पहिला बेकरीवाला उतरला, कारण तो रात्रभर भट्टीसमोर असतो आणि त्याला गार पाण्याचं अप्रूप. मग दातांचा डॉक्टर, मग जुळ्या बहिणी, ज्यांचं एकमेकींशी पटत नाही पण एकीने केलं ते दुसरीला करावंच लागतं. मी का उतरलो ते मला आजही धड सांगता येत नाही. पर्यावरण वगैरे माझ्या डोक्यात नव्हतं. रविवारची सकाळ कशी ढकलायची हा प्रश्न मात्र वर्षानुवर्षं होता. उतरलो, चपला चिखलात गेल्या त्या गेल्याच, आणि डावीकडे पाहिलं तर एक बुटकी बाई साडीवर पुरुषी शर्ट चढवून, गुडघाभर पाण्यात दोन्ही हात पुढे करून उभी होती. ‘द्या की,’ ती म्हणाली. माझ्या हातात तोवर काहीच नव्हतं.

ओळ तेव्हा लागली तीच पुढे राहिली. सगळ्यात आत मोठ्या बाई, कारण खरं पोहता फक्त त्यांनाच येतं; त्या कापणार. मग दातांचा डॉक्टर, बेकरीवाला, मी, खिडकीबाई, दोघी जुळ्या, आणि काठावर पैलवान. पैलवान म्हणजे काडीसारखा माणूस, घड्याळं दुरुस्त करतो. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण त्याने ते मनावर घेतलं आणि मिळेल तो भारा कंबरेतून वळून मागे काठावर असा भिरकावू लागला की येणाऱ्याजाणाऱ्याने जपून चालावं. जलपर्णीचा भारा दिसतो हलका, पण तो पाणी प्यालेला असतो, आणि मुळांना धरावं तर हातातून सुळकन निसटतो. निसटला की तुटतो, आणि तुटला की त्याचा एकेक तुकडा वाहत जाऊन कुठेतरी पुन्हा संसार थाटतो. म्हणून बाईंनी पहिल्याच रविवारी नियम घालून दिला: घेणाऱ्याने ‘आलं’ म्हटल्याशिवाय देणाऱ्याने सोडायचं नाही. बेकरीवाला माझ्या हातात भारा देतो, मी ‘आलं’ म्हणतो, तो सोडतो. मी डावीकडे वळतो, खिडकीबाईंच्या हातात देतो, त्या ‘आलं’ म्हणतात, मी सोडतो आणि उजवीकडे वळतो. सकाळभर हेच. बेकरीवाल्याचं आणि माझं हे काम यंत्रासारखं चालायचं. खिडकीबाईंचं ‘आलं’ मात्र किंचित उशिरा यायचं. भारा त्यांच्या हातात पोचलेला असायचा, त्यांनी तो नीट पेललेला असायचा, तरी शब्द यायचा नाही. आणि तेवढा वेळ एकाच भाऱ्याखाली आमचे चार हात असायचे, रबरी हातमोज्यांतले, गार, चिखलाने माखलेले. त्या उशिराची मी आठवडाभर वाट पाहायचो. पन्नाशी उलटलेल्या माणसाने असं उघड म्हणू नये, पण खरं ते खरं.

आमचं बोलणंही भाऱ्यांच्या मधल्या फटींत व्हायचं. एक भारा, एक वाक्य. त्यांच्या आईचं शिवणयंत्र चोरीला गेलं आणि मग चोरच ते दुरुस्तीला घेऊन त्यांच्याच दारात आला, ही गोष्ट पुरी व्हायला तीन रविवार लागले. चोर दारात आल्यावर काय झालं हे कळायला मी एक अख्खा आठवडा अडकून पडलो होतो. दवाखान्यात चक्क माझं लक्ष लागत नव्हतं. त्यांची नोकरी बस डेपोत, हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर, म्हणून त्या खिडकीबाई. मी कानांच्या दवाखान्यात ऐकू येतं की नाही ते तपासतो, म्हणून कानवाले. ‘छत्र्या न्यायला कुणी येत नाही बघा, कानवाले,’ त्या एकदा म्हणाल्या, भारा घेतला, दिला, आणि पुढचा आला तेव्हा म्हणाल्या, ‘छत्री नवी घेतात.’ पुढच्या भाऱ्याला: ‘येतात ते भलत्याच गोष्टींसाठी. अर्धा विणलेला स्वेटर. एक बूट.’ आणि बऱ्याच भाऱ्यांनंतर, मी तो विषय विसरलो असताना: ‘आणि काय हरवलं ते पटकन सांगताच येत नाही कुणाला. समोर ठेवलेलं असतं तरी.’ मी म्हटलं, ‘असं?’ माझ्या डाव्या गमबुटात पाणी शिरतं हेही त्यांनीच ओळखलं, मी वळताना पचपच आवाज येतो म्हणून. ‘रबराचं ठिगळ लावा,’ म्हणाल्या. मी वहिनीच्या शेकायच्या पिशवीचं लाल रबर कापून टाचेवर चिकटवलं, वहिनीने त्यावरून महिनाभर मला धारेवर धरलं, आणि पुढच्या रविवारी खिडकीबाईंनी बुटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘आता लांबून ओळखू याल.’

तळं साफ झालं. खरंच झालं. पाणी दिसायला लागलं, मग पाण्यात आभाळ दिसायला लागलं, आणि पूर्वी सल्ले देणारे लोक आपल्या पाहुण्यांना घेऊन येऊन ‘आमचं तळं’ म्हणायला लागले. जलपर्णी अधूनमधून कोपऱ्याकोपऱ्यांतून डोकं वर काढायची, आम्ही ती काढायचो. भारे कमी झाले, मधल्या फटी वाढल्या, आणि मला ते सोयीचंच होतं. अशात पालिकेचा जनसंपर्कवाला आला. गळ्यात ओळखपत्र, हसरा, घाईतला. काठावर उभा राहून त्याने दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या. शहराच्या पर्यावरणासाठी झटणाऱ्या नागरिकांचा या वर्षीचा सन्मान आमच्या गटाला मिळणार, आणि सन्मानाच्याच दिवशी तळ्यासाठी घेतलेल्या यंत्राचं उद्घाटन होणार. तरंगतं यंत्र, पुढे सुरीसारखं तोंड, मागे पट्टा. आठवड्यातून एकदा फिरवलं की झालं. ‘तुम्ही फार केलंत. आता तुम्ही आराम करायचा,’ तो म्हणाला. आम्ही पाण्यात उभ्या उभ्या टाळ्या वाजवल्या. ओल्या रबरी हातमोज्यांच्या टाळ्यांचा आवाज फार वाईट येतो. मी डावीकडे पाहिलं. खिडकीबाई टाळ्या वाजवत होत्या आणि पाण्याकडे बघत होत्या, जणू तिथे आणखी एखादं पान राहिलं असेल.

तेव्हापासून माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. त्या माझ्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे राहतात. कुठे निघून जायच्या नाहीत, आजारी नाहीत, कुणी आमच्या आड आलेलं नाही. त्यांचा मुलगा परदेशी असतो, नवरा कधीच वेगळा झालेला. माझं लग्न या ना त्या कारणाने राहून गेलं, आणि त्याचं आता कुणाला सोयरसुतकही नाही. म्हणजे पाहायला गेलं तर अडचण काहीच नव्हती. आणि तरीही यंत्र आल्यावर आम्हाला भेटायला कारण उरणार नव्हतं. इतक्या वर्षांत आम्ही तळ्याबाहेर ठरवून एकदाही भेटलो नव्हतो. बाजारात एकदा समोरासमोर आलो तेव्हा दोघेही असे गांगरलो की ‘रविवारी’ एवढं म्हणून दोन बाजूंना गेलो. आमच्या मध्ये सदानकदा एक ओला, जड, निसरडा भारा असायचा, आणि तो होता म्हणून आम्हाला हात पुढे करता यायचे. ज्या जलपर्णीला सगळ्या गावाने शिव्याशाप दिले तिची मला आठवण यायला लागली. रस्त्याने जाताना एखाद्या गटारात तिचा जांभळा तुरा दिसला की मी थांबायचो. ही काय आठवण काढायची गोष्ट आहे?

सन्मानासाठीचा तो फोटो काढून घरी आलो तेव्हा वहिनी गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. मी भावाच्याच घरात राहतो, वरच्या खोलीत. भाऊ फारसं बोलत नाही, आणि त्याच्या वाटचंही वहिनी बोलते. ‘कसे आले फोटो, भावोजी?’ तिने विचारलं. मी म्हटलं, ‘उंचीप्रमाणे.’ तिने चिमटा तोंडात धरूनच माझ्याकडे पाहिलं, मग तो काढून दोरीला लावला आणि म्हणाली, ‘म्हणजे तुम्ही एकीकडे आणि ती बाई दुसरीकडे.’ मी कधी तिच्यापाशी खिडकीबाईंचा विषय काढला नव्हता. निदान मला तसं वाटत होतं. ‘कोण बाई?’ मी म्हटलं. ‘जिच्या आईचं शिवणयंत्र चोरीला गेलं होतं ती,’ वहिनी म्हणाली. ‘माझ्या शेकायच्या पिशवीचा जीव घेतलात तो कुणासाठी, मला काय कळत नाही? कंबर माझी दुखते आणि ठिगळं तुम्ही लावता.’ मग ती घड्या घालत राहिली. मी वर जायला वळलो तेव्हा म्हणाली, ‘रविवारी तुम्ही शीळ घालत जिना उतरता, भावोजी. तुमच्या भावाला नाही ऐकू येत. मला येते.’ मी वर गेलो. खोलीत दाराआड बूट उभे होते, धुऊन वाळवलेले, लांब, काळे, एकाच्या टाचेवर लाल ठिगळ. त्यांना आता काही काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सकाळपासून माणसं होती. माझं काम असं: माणसाला काचेच्या खिडकीपलीकडच्या बंद खोलीत बसवायचं, कानांवर यंत्र लावायचं आणि बाहेरून एकेक बारीक आवाज सोडायचा, आधी स्पष्ट, मग हळू, मग जेमतेम. आवाज आला की त्याने हात वर करायचा. इतकी वर्षं हे काम केल्यावर मला आवाजापेक्षा हात वर करण्याची पद्धत जास्त कळते. काहींचा हात शाळेतल्या हुशार मुलासारखा झटकन वर जातो. काहींचा अर्ध्यावर थांबतो, कारण आवाज खरंच आला की आपल्याला वाटलं हे त्यांना ठरवता येत नाही. आणि पुष्कळ माणसं मी काहीही सोडलेलं नसताना हात वर करतात. ती खोटी नसतात. फार वेळ कान देऊन बसलं की आवाज येतोच. त्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ असेच बसले होते, डोळे मिटून, अगदी मन लावून, आणि मी बटणावरून बोट काढून घेतलं तरी त्यांचा हात वर होता, चेहऱ्यावर समाधान. मी काचेतून त्यांच्याकडे पाहत राहिलो. खिडकीबाईंचं ‘आलं’ मुद्दाम उशिरा येतं हे मी धरून चाललो होतो. कदाचित त्यांना दमच लागत असेल. बुटकी बाई, भारा जड, श्वास घ्यायला वेळ लागत असेल. इतके रविवार मी आवाज नसताना हात वर करून बसलो असेन तर? म्हाताऱ्यांच्या मुलीने दार ढकलून विचारलं, ‘बाबांना येतंय का ऐकू?’ मी म्हटलं, ‘येतंय. थोडं जास्तच येतंय.’

त्याच संध्याकाळी मी बूट पिशवीत घातले आणि बसमध्ये बसलो. एकदम ठरवून नव्हे. आधी वाटलं, छत्री विसरावी. पण त्यांच्या खिडकीमागे छत्र्यांचं रान असणार आणि त्यातली माझी कुठली हे त्यांना कसं कळावं? बूट त्यांना लांबून ओळखू आले असते. पिशवी सीटखाली सरकवली, दोन थांबे खिडकीबाहेर पाहिल्याचं सोंग केलं आणि साळसूदपणे उतरलो. बस हलली आणि लगेच थांबली. ‘ओ काका, पिशवी,’ आतून एक बाई ओरडली, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझी पिशवी मागच्या सीटवरून पुढे, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात, दारापर्यंत आली. कंडक्टरने ती माझ्या छातीशी आदळली. ‘घरी विचार करत बसा हो,’ तो म्हणाला. ज्या शहरात लोकांची पाकिटं बघता बघता गायब होतात तिथे माझे ठिगळ लावलेले बूट कुणालाही नको होते. मी आभार मानले. पुढच्या बसमध्ये मागच्या कोपऱ्यात बसलो, शेजारी कुणी येऊ नये अशी देवाची करुणा भाकली, आणि बाजाराच्या थांब्यावर, सगळी बस उतरत असताना, गर्दीबरोबर उतरून मागे न पाहता चालू लागलो. घरी आलो तेव्हा हात मोकळे होते आणि वहिनीने ‘पिशवी कुठे?’ असं विचारलं नाही.

शुक्रवारी दवाखान्यातून लवकर सुटून डेपोत गेलो. लांबलचक शेड, डिझेलचा वास, आणि पार टोकाला जाळीची खिडकी. रांगेत माझ्यापुढे दोन माणसं होती. जाळीमागे खिडकीबाई बसल्या होत्या, चष्मा लावून. त्या चष्मा लावतात हे मला माहीत नव्हतं, तळ्यावर त्या कधी लावत नसत. केसही नीट विंचरलेले, आणि बाही मनगटापर्यंत खाली. मला त्यांची मनगटं पाठ होती आणि त्यांचा हा चेहरा अनोळखी होता. पुढच्या माणसाला त्या विचारत होत्या, ‘काय हरवलंय?’ शांतपणे, अजिबात घाई न करता. तो म्हणाला, ‘पिशवी.’ ‘कशी होती? आत काय होतं? कुठे राहिली?’ तो अडखळायला लागला. आपलीच पिशवी, पण त्याला तिचा रंग आठवेना. त्या थांबल्या. खिडकीवर हात ठेवून थांबून राहिल्या, त्याला आठवेपर्यंत, आणि ते थांबणं माझ्या चांगलंच ओळखीचं होतं. आता माझी पाळी येणार आणि त्या मला विचारणार, काय हरवलंय? मी बूट म्हणणार. मग त्या बूट आणून समोर ठेवणार, मी ‘हेच ते’ म्हणणार, आणि ते घेऊन घरी जाणार. झालं. मिळालेलं कारण एका वाक्यात संपून जाणार, आणि दुसरं आणायचं कुठून? मी रांगेतून बाहेर पडलो, बसचं वेळापत्रक वाचल्यासारखं केलं आणि निघून आलो.

त्याच संध्याकाळी जनसंपर्कवाल्याचा फोन आला. सन्मान रविवारी सकाळी, आपल्या नेहमीच्याच वेळी, आणि सगळ्यांनी मंचावर बूट घालून यायचं. ‘म्हणजे खरं वाटतं,’ तो म्हणाला. मी म्हटलं, ‘माझे हरवले.’ तो म्हणाला, ‘अहो, सन्मानाला बूटच हरवले?’ आणि हसत सुटला. आता शनिवारी डेपोची खिडकी बंद. माझ्याकडे धडधडीत, खरंखुरं, कुणालाही सांगता येईल असं कारण आलं होतं, आणि ते काही तास उशिरा आलं होतं. असं माझ्याच बाबतीत का होतं, असं म्हणायची मला सवय आहे. वहिनी म्हणाली, ‘तुमच्याच बाबतीत होत नाही, तुम्ही करता.’

रविवारी मी दवाखान्यातलेच काळे बूट घालून सभागृहाच्या मागच्या दाराने आत गेलो. पडद्याआड अंधारात सगळे जमले होते आणि रबरी बुटांची करकर चालली होती. ‘बूट कुठेत?’ बेकरीवाला म्हणाला. ‘हरवले.’ ‘बूट हरवले?’ एक जुळी म्हणाली. ‘बूट कसे हरवतात?’ दुसरी म्हणाली. खिडकीबाईंच्या हातात पिशवी नव्हती, हे मी सगळ्यात आधी पाहिलं. म्हणजे बूट डेपोत आलेच नसतील, कुणीतरी कचऱ्यात फेकले असतील. किंवा आले असतील आणि त्यांनी ओळखले नसतील. काय वाईट ते मला ठरवता येईना. बाहेर महापौरांचं भाषण चाललं होतं, निसर्ग, नागरिक, आणि नवं यंत्र, ज्याचं नाव त्यांनी दोनदा चुकीचं घेतलं. मग आमच्या गटाचं नाव पुकारलं गेलं आणि जनसंपर्कवाला कुजबुजला, ‘चला, उंचीप्रमाणे.’ आम्ही निघालो. त्या अंधारात कुणी काही ठरवलं नाही, कुणी कुणाला सरकवलं नाही, पण उजेडात येऊन उभे राहिलो तेव्हा मोठ्या बाई त्या टोकाला होत्या, मग दातांचा डॉक्टर, मग बेकरीवाला, मग मी. आणि माझ्या डावीकडे करडा स्वेटर. आमच्या मागे पडद्यावर तो उंचीप्रमाणे काढलेला फोटो झळकत होता. समोर आम्ही खोलीप्रमाणे उभे होतो.

महापौरांनी सन्मानचिन्ह मोठ्या बाईंच्या हातात दिलं. पितळेचं पान, लाकडाच्या जाड बैठकीवर, चांगलं वजनदार. टाळ्या झाल्या. बाईंनी ते क्षणभर धरलं, आणि मग त्यांनी जे इतकी वर्षं केलं होतं तेच केलं. डावीकडे वळल्या आणि डॉक्टरच्या हातात दिलं. ‘आलं,’ डॉक्टर म्हणाला. प्रेक्षकांत कुणीतरी हसलं. डॉक्टरने बेकरीवाल्याला दिलं. ‘आलं.’ बेकरीवाल्याने मला दिलं, मी ‘आलं’ म्हटलं, डावीकडे वळलो, आणि खिडकीबाईंचे हात पुढे आलेले होते. हातमोजे नव्हते. त्यांची बोटं मी पहिल्यांदा अशी उघडी पाहत होतो, आखूड, स्वच्छ, एका नखावर शाईचा डाग. चिन्ह त्यांच्या हातात गेलं. त्यांनी ते नीट धरलं. आणि त्या काहीच बोलल्या नाहीत.

मी सोडलं नाही. नियमच तसा होता. लाकडाखाली आमची बोटं एकमेकांना लागली होती, कोरडी, उबदार, आणि त्यांना दम लागलेला नव्हता. ओल्या भाऱ्यापुढे हे पान काहीच नव्हतं; त्याने कुणाला दम लागत नाही. ‘बूट माझ्याकडे आहेत,’ त्या समोर प्रेक्षकांकडे बघत, ओठ न हलवता म्हणाल्या. ‘हो का,’ मी म्हणालो. ‘शुक्रवारी रांगेतून निघून गेलात.’ ‘गर्दी होती.’ ‘दोन माणसं होती.’ जुळीने पलीकडून हात पुढे केला होता, तो तसाच अधांतरी राहिला. ‘आज आणायचे होते मग,’ मी म्हटलं. ‘मालकाने स्वतः यायचं असतं. आणि काय हरवलंय ते सांगायचं असतं.’ टाळ्या विरळ होत चालल्या होत्या. जनसंपर्कवाला खालून हाताने ‘पुढे, पुढे’ करत होता. ‘पटकन सांगता नाही आलं तर?’ मी विचारलं. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवली. ‘उद्या संध्याकाळी खिडकी बंद झाली की मी मोकळीच असते,’ त्या म्हणाल्या. ‘सावकाश सांगा.’ आणि मग, पुन्हा समोर बघत: ‘आलं.’

मी सोडलं. चिन्ह एका जुळीकडून दुसरीकडे गेलं, आणि तिच्याकडून पैलवानाकडे. पैलवानाने ते घेतलं, कंबरेतून वळून दोन्ही हातांनी झोका घेतला, आणि मोठ्या बाई ‘अरे!’ म्हणाल्या तसा तो मध्येच थांबला, ओशाळला, आणि पान मागे पडद्याच्या पायथ्याशी अलगद ठेवून पुढच्या भाऱ्यासाठी रिकामे हात पुढे करून उभा राहिला. सभागृह हसून कोसळलं, महापौरही हसले, आणि टाळ्या पुन्हा सुरू झाल्या, पहिल्यापेक्षा मोठ्या. भारा दिला की उजवीकडे वळायचं असतं. माझ्या उजवीकडे बेकरीवाला वळून उभा होता, हात पुढे करून, हातात काहीही नसताना. फोटोग्राफर खालून ओरडत होता, ‘साहेब, इकडे बघा, समोर बघा.’ मी डावीकडेच बघत राहिलो.